लातूरपर्यंत रूळ आणणारा परका माणूस : एव्हरार्ड कॅल्थ्रॉप

नांदेडच्या एका विहारात आम्ही दर महिन्याला तरुणांची बैठक घेतो. विषय ठरलेला नसतो. कधी शिष्यवृत्ती, कधी जात पडताळणी, कधी गावातल्या भांडणाचा खटला. मागे एकदा विषय निघाला धंद्याचा. एक मुलगा हैदराबादला मेस काढायला निघाला होता. भांडी घेतली होती, चुलतभाऊ स्वयंपाकाला तयार होता, पण जागा मिळत नव्हती. भाषा तेलुगू, ओळख कुणाची नाही, आणि मालक भाड्याच्या आधी आडनाव विचारतो. बैठकीतला दुसरा एक जण म्हणाला की धंदा आपल्या रक्तातच नाही, गुमान स्पर्धा परीक्षा द्याव्यात. त्यावर बराच गोंधळ झाला. शेवटी मेसवाल्याने आम्हालाच विचारले की परक्या मुलखात जाऊन कुणी काही उभे केल्याचे आपल्या भागातले उदाहरण आहे का.

त्या दिवशी आम्हाला उत्तर सुचले नाही. पुढे लातूरहून रेल्वेने पुण्याला जाताना सुचले. आपण ज्या मार्गावरून जातो तो मार्गच अशा एका माणसाने घातलेला आहे. नाव एव्हरार्ड रिचर्ड कॅल्थ्रॉप. इंग्रज इंजिनिअर. रेल्वेचा इतिहास वाचणारे लोक त्याला जगभर ओळखतात, आणि लातूरच्या स्टेशनवर चहा पिणारा माणूस ओळखत नाही. तो आपला कुणी नव्हता. सत्ताधाऱ्यांच्या जातकुळीचा होता. तरीही त्याची गोष्ट आपल्या पोरांनी ऐकावी असे आम्हाला वाटते, आणि ती पूर्ण ऐकावी, म्हणजे त्याला जे दिसले ते आणि जे दिसले नाही तेही.

कॅल्थ्रॉपचा जन्म १८५७ सालचा, इंग्लंडच्या लिंकनशायर भागातल्या शेतकरी घरातला. भावंडे बरीच, त्यातला एक भाऊ गाय पुढे तिकडच्या एका मोठ्या रेल्वे कंपनीचा सरव्यवस्थापक झाला. एव्हरार्ड स्वतः १८७४ मध्ये क्रू इथल्या रेल्वे कारखान्यात उमेदवारीला लागला. म्हणजे हात काळे करून शिकलेला माणूस. नंतर ग्रेट वेस्टर्न रेल्वेच्या डबे आणि वाघिणी बांधणाऱ्या कारखान्यात काम केले आणि १८८२ मध्ये, पंचविसाव्या वर्षी, जीआयपी रेल्वेत लोको इन्स्पेक्टर म्हणून हिंदुस्थानात आला.

तेव्हाचा आपला भाग डोळ्यासमोर आणावा लागेल. मुंबईहून सोलापूरवरून रायचूरकडे जाणारी जीआयपीची मोठी लाईन १८७१ पर्यंत मद्रासच्या लाईनला जोडली गेली होती. पण ही लाईन बार्शीला शिवत नव्हती. बार्शी हे कापसाचे आणि भुसाराचे मोठे पेठेचे गाव. सोलापूर जिल्ह्यातले, म्हणजे इंग्रजी अमलातले, आणि पूर्वेला लगेच निजामाचा मुलूख. बालाघाटाच्या डोंगरावरून, लातूर-धाराशिवच्या बाजूने, कापूस आणि गळिताचे धान्य बैलगाड्यांनी बार्शीत उतरायचे. तिथून पुन्हा बैलगाडीनेच वीस-बावीस मैल रेल्वेपर्यंत. त्या स्टेशनाचे नाव होते बार्शी रोड, आजचे कुर्डुवाडी. ज्या स्टेशनाच्या नावात रोड असते ते गाव तिथून लांब असते, हे आपल्याकडे लहान पोरालाही माहीत आहे. पावसाळ्यात काळ्या मातीत चाके रुतली की माल तिथेच भिजायचा.

हे सगळ्यांना दिसत होते. व्यापाऱ्याला दिसत होते, गाडीवानाला तर जास्तच. कॅल्थ्रॉपने त्याचा हिशेब मांडला. मोठ्या रुंदीची लाईन बार्शीपर्यंत नेणे परवडणारे नव्हते, कारण एवढ्या खर्चापुरती वाहतूक नव्हती. पण रूळ हलके घातले, रुंदी कमी ठेवली, तर? त्याने अडीच फूट रुंदी धरली.

इथे थोडे तांत्रिक बोलावे लागेल, कारण त्याचा खरा धंदा याच गोष्टीवर उभा राहिला. त्या काळी छोटी रेल्वे म्हणजे मोठ्या रेल्वेची खेळण्यातली नक्कल असायची. छोटे इंजिन, छोटे डबे, थोडा माल. कॅल्थ्रॉपने उलटा विचार केला. रूळ किती वजन सोसतो हे एका आसावर किती भार पडतो यावर ठरते. मग एका आसावर पाच टनांपेक्षा जास्त भार द्यायचा नाही, असा एकच नियम सगळ्या गाडीला लावायचा, इंजिनालाही आणि वाघिणीलाही. आस वाढवायचे, म्हणजे भार वाटला जातो. जड तुळई चार जणांना उचलत नसेल तर आठ खांदे लावतात, तसेच. त्यामुळे यार्डाला फक्त तीस पौंड वजनाच्या हलक्या रुळांवर लांबलचक, भरपूर माल घेणाऱ्या वाघिणी धावू शकल्या. इंजिनाला आठ जोडलेली चाके दिली. ही इंजिने लीड्सच्या किटसन कंपनीने बनवली, आणि गाड्या इकडे पाठवण्याआधी लीड्सजवळ तात्पुरते रूळ टाकून त्या लोकांना चालवून दाखवल्या. लष्कराच्या अधिकाऱ्यांनाही बोलावले होते. भांडवल घालणाऱ्याला कागद दाखवण्यापेक्षा चालती गाडी दाखवलेली बरी, एवढे त्याला कळत होते.

ऐकायला हे सगळे सरळ वाटते. प्रत्यक्षात कल्पना सुचल्यापासून रूळ पडेपर्यंत दहा वर्षांच्या आसपास काळ गेला. कॅल्थ्रॉपने आधी रजा काढून पाहणी केली, लंडनमध्ये अशा पोषक लाईनींसाठी कंपनी नोंदवली, आणि अखेर जीआयपीची नोकरी सोडली. कायम पगाराची, साहेबी नोकरी. सरकारशी पत्रव्यवहार चालूच होता. परवानगी येत नव्हती. तो इंग्लंडला परत गेला, सल्लागार म्हणून पोट भरू लागला आणि बार्शीचा नाद मात्र सोडला नाही. १८९५ मध्ये करार झाला, बार्शी लाइट रेल्वे कंपनी उभी राहिली, तो तिचा सल्लागार इंजिनिअर झाला, आणि मार्च १८९७ मध्ये बार्शी रोड ते बार्शी ही लाईन सुरू झाली.

साल पाहा. १८९६-९७ म्हणजे दुष्काळ. सोलापूर जिल्हा त्यात होरपळत होता. रेल्वेने धान्य आत येते हे खरे, आणि भाव जिकडे चढा तिकडे धान्य बाहेरही जाते हेही खरे. समाजशास्त्र शिकताना आम्हाला रेल्वेवरचे कौतुकाचे धडे खूप वाचायला मिळाले. कौतुक करणारे बहुधा माल चढवणारे नव्हते. बार्शी रोडला छोट्या गाडीतला प्रत्येक गठ्ठा उतरवून मोठ्या गाडीत चढवावा लागायचा. रुंदी वेगळी असली की हे आलेच. कंपनीच्या हिशेबात त्याचा खर्च परवडणारा होता तो हमाली स्वस्त होती म्हणून. हमाली स्वस्त का होती, हे आम्ही वेगळे सांगायला नको.

पहिली लाईन चालली, पण कॅल्थ्रॉप आणि त्याची कंपनी लगेच पसरत सुटले नाहीत. एकवीस-बावीस मैल नऊ वर्षे चालवले. मग १९०६ मध्ये कुर्डुवाडीहून दुसऱ्या बाजूला पंढरपूरपर्यंत रूळ नेले. हा हिशेब कुणालाही कळेल. कापूस हंगामी, पण वारकरी आषाढीला येतो, कार्तिकीला येतो, माघी-चैत्रीला येतो. हिंदू यात्रेची गर्दी ही परक्या इंजिनिअरच्या दृष्टीने तिकिटांची गर्दी होती, आणि त्याने ती बरोबर ओळखली.

त्या गाडीतून आपलीही माणसे पंढरपूरला गेली असणार. चोखोबाच्या ओढीने जाणारे महार वारकरी काही थोडे नव्हते. तिकीट काढले की गाडी त्यांना पंढरपूरच्या स्टेशनात इतरांच्या बरोबरीने उतरवत होती. पुढे महाद्वारापाशी, चोखोबाच्या समाधीजवळ, त्यांची वारी संपत होती. देवळाचे दार अस्पृश्यांना उघडायला १९४७ साल उजाडावे लागले, तेही साने गुरुजींनी प्राणांतिक उपोषण केल्यावर. म्हणजे लाईन सुरू झाल्यानंतर ४१ वर्षांनी. रेल्वे आली की जात आपोआप वितळेल असे त्या काळी पुष्कळ शहाणे लोक मानत होते.

बाबासाहेबांच्या लहानपणचा प्रसंग इथे आठवतोच. १९०१ च्या सुमाराला भावंडांसोबत ते वडिलांकडे गोरेगावला निघाले. रेल्वेने मसूर स्टेशनपर्यंतचा प्रवास मजेत झाला. नवे कपडे, नवी टोपी. स्टेशनमास्तरला जात कळली आणि तिथून पुढे बैलगाडी मिळेना, पाणी मिळेना. ती लाईन वेगळी, कॅल्थ्रॉपची नव्हे, पण फलाटाच्या कुंपणापलीकडे काय सुरू होते ते सगळ्या लाईनींवर सारखेच होते.

पंढरपूरनंतर कंपनी पूर्वेला वळली. १९०७ मध्ये बार्शीहून तडवळ्यापर्यंत आणि १९११ मध्ये तिथून लातूरपर्यंत. हा टप्पा आमच्या मते सगळ्यात अवघड, कारण इथे इंग्रजी मुलूख संपून निजामाचा सुरू होत होता. राज्य दुसरे, दरबार दुसरा, कारभाराची भाषा उर्दू, नाणे हाली. आधी कमावलेली ओळख तिथे फारशी कामाची नव्हती. सगळे नव्याने पटवायचे. तिकडे नांदेडला त्याआधीच मनमाड-सिकंदराबादची मीटरगेज लाईन आली होती. पण तिच्यामागे निजामाचे राज्य होते. बार्शी लाइट ही लंडनच्या भागधारकांच्या पैशावर चालणारी कंपनी होती, आणि तिला गाडी भरली तरच पैसा होता. लातूरची आडत पेठ पुढे ज्या जोमाने वाढली त्यात या छोट्या गाडीचा वाटा मोठा आहे. जुनी माणसे आजही बार्शी लाइट म्हटले की हसतात. चढावर इंजिन धापा टाकायचे, उतरून शेंगा घेऊन परत चढता यायचे, असे आमच्या आजीच्या तोंडून आम्हीही ऐकले आहे. आजीला थट्टा करायची सवय होती, तेव्हा किती धरायचे ते वाचकांनी ठरवावे.

गंमत अशी की इथे शिकलेले कॅल्थ्रॉप परत आपल्या देशात घेऊन गेला. इंग्लंडमध्ये लीक अँड मॅनिफोल्ड नावाची डोंगरातली छोटी रेल्वे १९०४ मध्ये सुरू झाली, तिचा इंजिनिअर तोच. तिचे डबे बार्शीच्या डब्यांच्या वळणाचे, दोन्ही टोकांना ओसरीसारखे सज्जे असलेले. इंजिनांपैकी एकाला त्याचेच नाव दिले होते. थंडी-पावसाच्या इंग्लिश दरीत सोलापूरच्या उन्हासाठी घडवलेले डबे धावत होते. मोठ्या रुंदीच्या वाघिणी छोट्या रुळांवर जशाच्या तशा चढवून नेणाऱ्या खास गाड्याही तिथे वापरल्या. तिकडे हमाली महाग होती.

त्याचे उरलेले आयुष्य थोडक्यात सांगतो. १९१० मध्ये त्याचा मित्र चार्ल्स रोल्स, रोल्स-रॉईसमधला रोल्स, विमान कोसळून गेला. कॅल्थ्रॉपने त्यानंतर पॅराशूटचा ध्यास घेतला आणि गार्डियन एंजल नावाचे पॅराशूट तयार केले. १९१७ मध्ये ते वापरून विमानातून यशस्वी उडी मारली गेली. पहिल्या महायुद्धात शत्रूच्या हद्दीत हेर उतरवायला ते वापरले. पण ब्रिटिश वैमानिकांना पॅराशूट द्यायचे काही सैन्याने मनावर घेतले नाही. यात त्याचा बराच पैसा बुडाला. अरबी घोड्यांचा त्याला नाद होता, १९२० मध्ये घोड्यांवर पुस्तक लिहिले. घोड्याला मारून नव्हे तर मैत्रीने शिकवावे असा त्याचा आग्रह. मार्च १९२७ मध्ये लंडनमध्ये तो वारला. त्याच सुमारास त्याची लाईन पंढरपूरहून मिरजेपर्यंत पोचत होती. लातूर ते मिरज, दोनशे मैलांहून अधिक.

आता त्याला जे दिसले नाही त्याबद्दल.

रूळ कोणी घातले, खडी कोणी फोडली, गँगमध्ये उन्हातान्हात कोण राबले, याची नावे कंपनीच्या कागदात नाहीत. पण रेल्वेत आपल्या लोकांची जागा कुठे होती हे बाबासाहेबांनी फेब्रुवारी १९३८ मध्ये मनमाडच्या अस्पृश्य रेल्वे कामगार परिषदेत स्पष्ट मांडले आहे. आपला माणूस गँगमन म्हणून भरती होतो आणि गँगमन म्हणूनच मरतो. साधा स्टेशनवरचा पोर्टरही होत नाही, कारण पोर्टरला स्टेशनमास्तरच्या घरात काम करावे लागते आणि तिथे विटाळ आडवा येतो. हे त्यांनी जीआयपीबद्दल सांगितले. एका इंग्रज कंपनीच्या आत, इंग्रजी नियमांच्या खाली, गावगाडा जसाच्या तसा बसला होता. परका धंदेवाईक येतो तेव्हा तो जमीन, हवा, मालाचा भाव, प्रवाशांची संख्या बारकाईने मोजतो. समाज मात्र तो आहे तसा वापरून घेतो, कारण तेच स्वस्त पडते. कॅल्थ्रॉपला दुष्ट ठरवायचे आम्हाला कारण नाही. आसावरचा भार सगळ्यांना सारखा वाटणारा हा माणूस माणसांवरचा भार कसा वाटला आहे याकडे वळला नाही, एवढेच म्हणतो.

आणि तरी रूळ पडलेच होते, त्यांचा उपयोग व्हायचा तो झाला. १९०७ ते १९११ अशी चार वर्षे ही लाईन जिथे येऊन थांबली होती त्या कसबे तडवळ्यात फेब्रुवारी १९४१ मध्ये महार-मांग वतनदारांची परिषद भरली आणि स्वतः बाबासाहेब तिथे आले. निजामाच्या राज्यातले, कोपऱ्यातले गाव. सभाबंदी, जमीनदारांची दहशत, वेठबिगार. लातूर-धाराशिव-बार्शीच्या पंचक्रोशीतून माणसे जमली. कापसासाठी घातलेल्या लाईनवरच्या गावात महार आणि मांग एकत्र बसून वतनाच्या गुलामीबद्दल बोलत होते. धाराशिव जिल्ह्यातल्या पोरांना हे गाव माहीत असते, लातूर-नांदेडच्या पोरांना अजून नसते, म्हणून मुद्दाम सांगितले.

कंपनी १९५४ मध्ये सरकारने विकत घेतली. छोटी गाडी पुढे पन्नासएक वर्षे धावत राहिली. २००७-०८ मध्ये लातूर ते कुर्डुवाडी मार्ग मोठ्या रुंदीचा झाला आणि तेव्हा कुठे धाराशिव शहराला स्टेशन मिळाले. जुनी लाईन येडशीवरून बाहेरच्या बाहेर जायची. २०१६ च्या एप्रिलमध्ये लातूरला पाण्याची गाडी आली ती मिरजेहून, पंढरपूर-कुर्डुवाडी-बार्शी या वाटेने. पहिल्या फेरीत दहा वाघिणी, पाच लाख लिटर. त्या वेळी आम्ही लातूरच्या वस्त्यांमध्ये काम करत होतो. गाडीचे फोटो देशभर छापून आले. ते पाणी शहरात वाटले जाताना आमच्या वस्तीचा टँकर शेवटी यायचा, घागरींच्या रांगेत कुणाचा नंबर कुठे हे पाण्यापेक्षा आधी ठरलेले असायचे.

आज लातूरजवळ हरंगुळला रेल्वे डब्यांचा कारखाना उभा आहे. २०१८ मध्ये पायाभरणी झाली, आणि वंदे भारतच्या शयनयान गाड्या बांधण्याचे कंत्राट घेतलेल्या रशियन भागीदारीतल्या कंपनीने हीच जागा धरली आहे. म्हणजे परके इंजिनिअर पुन्हा लातुरात. डबे एकेकाळी लीड्सहून यायचे, आता इथेच बनायचे आहेत. तिथे आपली पोरे कुठल्या कामावर लागतात, कंत्राटी झाडूवर की वेल्डिंगवर की डिझाईनच्या टेबलावर, आणि सुटे भाग पुरवणाऱ्या छोट्या कारखानदारांच्या यादीत आपले एखादे नाव असते का, हे आम्ही विचारत राहणार आहोत. औसा रोडवरच्या आयटीआयमधल्या मुलांना आम्ही मागच्या महिन्यात हाच प्रश्न विचारला. बऱ्याच जणांना कारखाना माहीत होता. अर्ज कुठे करायचा ते कुणालाच माहीत नव्हते.

मेसवाल्या मुलाला आम्ही कॅल्थ्रॉपची गोष्ट सांगितली. त्याने शांतपणे ऐकून घेतली आणि म्हणाला की त्या साहेबाला कुणी आडनाव विचारले नव्हते. खरे आहे. राज्यकर्त्यांचा कातडीचा रंग हेच त्याचे तारण होते; परवानगीला दहा वर्षे लागली तरी दार ठोठावायला त्याला कुणी मनाई केली नाही. आपल्याला हैदराबाद लांबच राहिले, लातूरच्या आडत लाईनीत गाळा घ्यायचा म्हटला तरी तो परका मुलूख आहे. १९१७-१८ च्या सुमारास खुद्द बाबासाहेबांनी मुंबईत शेअरच्या व्यवहारांवर सल्ला देण्याचे कार्यालय काढले होते. कोलंबियात अर्थशास्त्र शिकून आलेला माणूस. सल्लागार अस्पृश्य आहे हे कळताच गिऱ्हाईक यायचे थांबले आणि ते बंद करावे लागले. आमच्या त्या मुलाला हे माहीत नव्हते. ऐकल्यावर तो बराच वेळ गप्प होता.

मग त्याने कॅल्थ्रॉपबद्दल एकच गोष्ट पुन्हा विचारली. पहिल्या बावीस मैलांवर तो किती वर्षे थांबला? नऊ, आम्ही सांगितले. त्याने हैदराबादचा मोठा हॉल सोडून दिला आहे. बांधकामावर गेलेल्या आपल्या नांदेड-लातूरच्या मजुरांची एक वसाहत तिकडे आहे, तिथे चाळीस डब्यांपासून सुरुवात केली आहे. भाकरी, ठेचा, वरण. त्यांना तेलुगू बोलणारा स्वयंपाकी नको आहे. जागा एका मजुराच्याच खोलीपुढची पत्र्याची शेड. भाडे महिन्याचे महिन्याला, आडनाव कुणी विचारले नाही. पुढच्या बैठकीला तो फोनवरून हिशेब सांगणार आहे.